हात आणि हत्यार

मनुष्याच्या अवयवांत हाताइतका कष्टाळू आणि हाताइतका उपेक्षित अवयव क्वचितच असेल. डोळा दुखूं लागला तर आपण तत्काळ वैद्याकडे धांवतों. परंतु बोटांस मुंग्या आल्या तर हात झटकून पुन्हा कामास लागतों. ही उपेक्षा श्रमजीवी मनुष्यास पुढें किती महाग पडते व ती हानि कशी टाळतां येईल, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळी आहे. तेथें पेशवाईपासून तांब्याचीं भांडीं घडविण्याचें काम चालत आलें असून आजहि कांहीं कुटुंबांनीं तें टिकवून धरिलें आहे. लोखंडी आधारावर भांडें टेकवून कारागीर त्यावर हातोडीचे एकसारखे घाव घालीत जातो. बंबाच्या किंवा घंगाळाच्या अंगावर जे चकचकीत ठसे ओळीनें उमटतात, त्यांस मठाराचें काम म्हणतात. हे घाव केवळ शोभेसाठीं नसतात. ठोकल्यानें तांबें कठीण होऊन पातळ पत्र्यास बळकटी येते. परंतु क्रियेइतकीच प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम येथेंहि सुटत नाहीं. तांब्यावर बसणाऱ्या घावाचा हिसका दांड्यावाटे तळहातांत, मनगटांत व कोपरांत शिरतो. म्हणून कुशल कारागीर हातोडी घट्ट आवळून धरीत नाहीं; घाव बसतांच ती उसळूं देतो. लांकडी दांडाहि हिसक्याचा कांहीं भाग स्वतः सोशितो.

हातोडीच्या दोन घावांमध्यें हातास क्षणभर तरी विसांवा असतो. यंत्राच्या हत्याराची गोष्ट निराळी आहे. भोसरी, चिंचवड, हडपसर या भागांतील कारखान्यांत ओतीव कामाच्या कडा ग्राइंडरनें घासतात. मिनिटास सहा हजार फेरे घेणारें चाक सेकंदास शंभर फेरे घेतें. तें किंचित् असमतोल असलें तरी हातास सेकंदास शंभर हिसके बसतात. रस्ता फोडणाऱ्या मजुराच्या हातांतील ब्रेकरचे धक्के संख्येनें कमी, पण फार जोरकस असतात.

या कंपानें बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांस व मज्जातंतूंस हळूहळू इजा होते. प्रथम काम संपल्यावर मुंग्या येतात. मग बधिरता राहूं लागते. पुढें सदऱ्याची गुंडी लावणें किंवा नाणें उचलणेंहि कठीण होतें. थंडी लागली असतां रक्तवाहिन्या आकसून बोटें पांढरीं पडतात. इटलींतील डॉक्टर लोरिगा यांनीं सन १९११ मध्यें वायुदाबाचीं हत्यारें वापरणाऱ्या मजुरांचा हा विकार वर्णिला. सन १९१८ मध्यें अमेरिकेंतील डॉ. ॲलिस हॅमिल्टन या विदुषींनीं इंडियाना प्रांतांतील बेडफर्ड येथील पाथरवटांचे हात तपासले. छिन्नी धरणारा डावा हात अधिक बिघडल्याचें त्यांस आढळून आलें. कारण छिन्नी त्याच हातांत घट्ट आवळलेली असे.

आमच्या उष्ण देशांत बोटें पांढरीं पडण्याचा प्रकार कमी दिसतो. यामुळें विकारच नाहीं असा समज होण्याचा धोका आहे. मज्जातंतूंची इजा उष्ण हवेंतहि होतच असते. म्हणून येथें मुंग्या व बधिरता यांसच धोक्याची पहिली सूचना मानिलें पाहिजे. आरंभीं काम बदललें तर पुष्कळ सुधारणा होऊं शकते. बधिरता एकदां कायम झाली म्हणजे ती बहुधा जात नाहीं.

कंपाची तीव्रता त्वरणाच्या मापानें मोजतात. युरोपीय संघानें सन २००२ मध्यें ठरविलेल्या नियमाप्रमाणें आठ तासांच्या दिवसासाठीं अडीच हें माप उपाययोजनेचें व पांच हें कमाल मर्यादेचें आहे. येथील एकक मीटर प्रति सेकंद वर्ग हें होय. तीव्रता दुप्पट झाली कीं काळ चौथाई होतो. म्हणजे ज्या हत्याराची तीव्रता दहा आहे, तें अर्ध्या तासांत पहिल्या व दोन तासांत दुसऱ्या मर्यादेस पोहोंचतें. गणिताच्या तासास शिकलेला वर्ग येथें मजुराचा हात वांचवूं शकतो!

कामगाराच्या शरीरास साजेल असें काम, हत्यार व जागा यांची योजना करण्याच्या शास्त्रास अर्गॉनॉमिक्स म्हणतात. काम व नियम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हें नांव बनलें आहे. त्याचा पहिला उपाय कंपाचें मूळच कमी करण्याचा. ओतकाम मुळांतच स्वच्छ झालें तर घासणें कमी पडतें. दुसरा उपाय हत्याराचा : कमी कंपाचें हत्यार निवडावें, चाकें समतोल व छिन्नी धारदार ठेवावी, जड हत्यार स्प्रिंगच्या आधारानें वर टांगावें. तिसरा उपाय जागेचा : काम कोपराच्या उंचीच्या आसपास असलें म्हणजे मनगट सरळ राहतें व मूठ सैल ठेवतां येते. चौथा उपाय वेळेचा : एकाच माणसाच्या हातीं दिवसभर तेंच हत्यार न देतां कामें आळीपाळीनें वांटून द्यावीं. हातमोज्यांनीं हात ऊबदार राहतात, हा लाभ खरा. पण ब्रेकरसारख्या हत्याराचे मंद व जोरकस धक्के त्यांनीं फारसे अडत नाहींत. तंबाखूनेंहि रक्तवाहिन्या आकसतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येकांचे वडील किंवा बंधु कारखान्यांत काम करीत असतील; तुम्हांपैकीं कांहीं जण उद्यां तेथें जोडारी, पर्यवेक्षक किंवा मालक म्हणून उभे राहतील. घरीं कोणी रात्रीं हात चोळीत बसलेला दिसला तर तो थकला असेल असें म्हणून उठूं नका. मुंग्या येतात काय, हें विचारा व होकार मिळाल्यास त्यांस डॉक्टरांकडे न्या. आणि अधिकार हातीं येईल तेव्हां हाताला हत्याराचा गुलाम करूं नका. हत्यारासच हाताच्या सोयीचें करा. हत्यार झिजलें तर बाजारांत नवें मिळतें; हात मात्र ईश्वरानें दोनच दिले आहेत.