मोडीचे वाचन आणि पेशींचे वाचन

धार-देवासच्या पवारांचे जुने कागद मोडीत आहेत. विद्यार्थ्यांना मोडी शिकवताना मी पहिल्याच तासाला सांगतो की, एकाच कारकुनाच्या वळणावर समाधान मानू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडलेले नसतात. एका हाताला सरावलेला वाचक दुसऱ्या हाताशी अडखळतो, आणि कधी कधी आत्मविश्वासाने चूक वाचतो.

हाच धडा मला अनंत माडभूषी यांच्या कर्करोग-संशोधनात सापडला. 1998 मध्ये मुंबई विद्यापीठातून जैववैद्यकीय अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. 2004 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे रटगर्स, केस वेस्टर्न आणि 2022 पासून एमरी विद्यापीठ असा त्यांचा प्रवास झाला. विषय मात्र एकच राहिला : रोगाची चित्रे संगणकाला वाचायला शिकवणे.

गाठीचा तुकडा काढून त्याचे अतिशय पातळ काप करतात व ते रंगवतात. पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, भोवतालचा भाग गुलाबी. विकृतिशास्त्रज्ञ हे सूक्ष्मदर्शकातून वाचतो. माडभूषींचा संगणक त्याच चित्रात केंद्रकांचे आकार, त्यांची मांडणी, त्यांची दिशा मोजतो आणि रोग उलटण्याचा संभव किती, याचा अंदाज बांधतो. हे त्याला नियम पाठ करून येत नाही. पुढे काय घडले हे ठाऊक असलेल्या रुग्णांची असंख्य उदाहरणे पाहून येते.

मग उदाहरणे कोणाची, हा प्रश्न उरतो. 2020 मध्ये त्यांच्या गटाने प्रोस्टेटच्या कर्करोगावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय अमेरिकन रुग्णांच्याच नमुन्यांवर घडवलेले प्रारूप, सर्वांच्या नमुन्यांवर मिळून घडवलेल्या प्रारूपापेक्षा, त्या रुग्णांबाबत अधिक अचूक ठरले. सरसकट वाचनात त्यांचे वळण हरवत होते.

उद्या धारची एखादी बाई गाठ घेऊन इंदूरला जाईल आणि तिचा काप यंत्र वाचेल. त्या यंत्राने तिच्यासारख्यांचे काप पाहिलेले असतील काय? भाषेचेही तसेच आहे. माळवी-हिंदीत मिसळलेली आपली मराठी यंत्राला दाखवलीच नाही, तर तिने सांगितलेले दुखणे ते चुकीचे वाचील. म्हणून आपल्या घरांतली बोली नोंदवणे, मोडी कागद उलगडून ठेवणे, हे काम विद्यार्थ्यांनी केवळ स्मरणरंजन समजू नये.