नीळकंठशास्त्री गोरे यांचा ईश्वरविचार आणि जगाच्या सत्यत्वाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती विचाराचा परामर्श घेताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा बाबा पदमनजी आणि ना. वा. टिळक यांच्यापाशी थांबते. काशीत विद्याभ्यास केलेले चित्पावन पंडित नीळकंठ ऊर्फ नेहेम्या गोरे (१८२५-१८९५) हे मात्र धर्मांतराच्या इतिहासातील एक नाव म्हणूनच उरतात. ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ हिंदीत आहे, हे या उपेक्षेचे एक कारण. तथापि त्यातील युक्तिवाद मराठी तत्त्वविचाराच्या मर्माशी भिडणारा आहे.

गोरे हे मूळचे वादपटू शास्त्री. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ (१८३९) या संस्कृत ग्रंथाचे खंडन त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून केले होते. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पक्ष बदलला, पूर्वपक्ष मांडून त्याचे निरसन करण्याची शास्त्रीय रीत मात्र कायम राहिली.

ईश्वरसिद्धीचे प्रमाण न्यायदर्शनात पूर्वीपासून आहे. घट हे कार्य असल्याने त्याला कुंभार लागतो. तद्वत जग हे कार्य असल्याने त्यालाही कर्ता हवा. गोरे यांचा आक्षेप या अनुमानापेक्षा त्यातून निष्पन्न होणाऱ्या ईश्वरस्वरूपावर आहे. परमाणू आणि जीव अनादी मानले, तर ईश्वर आयत्या मातीला आकार देणारा कारागीर ठरतो. ज्याची शक्ती अनंत, त्याला उपादानाची अपेक्षा नसावी, हे ख्रिस्ती सृष्टिविचाराचे सूत्र ते येथे लावतात.

वेदान्ताविषयी त्यांची भूमिका अधिक कठोर आहे. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन सत्ता त्यांना मान्य नाहीत. वस्तू एकतर आहे किंवा नाही. ‘व्यावहारिक सत्य’ हे त्यांच्या मते असत्यालाच दिलेले सौम्य नाव होय. जग मिथ्या ठरले की पाप, पश्चात्ताप आणि क्षमा यांनाही आधार उरत नाही. त्यांच्या तर्काखाली ही नैतिक व्याकुळता आहे.

परंतु ‘ईश्वरनिर्मित निराळे जग’ किंवा ‘मिथ्या जग’ एवढे दोनच पर्याय आहेत काय? भुसावळनजीक तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव ज्या योग्याचे नाव सांगते, त्याला उद्देशून ज्ञानदेवांनी रचलेल्या पासष्टीत तिसरा पर्याय आढळतो. सोने आपले सोनेपण न गमावता अलंकार होते, तसे परमतत्त्व न उणावता जग होते. येथे जग शून्यातून निर्माण झालेले नाही आणि भ्रमही नाही. ‘अनुभवामृता’च्या सातव्या प्रकरणात तर अज्ञानाचेच खंडन आहे. गोरे यांचा प्रहार मायावादावर होतो. ज्ञानदेवांच्या चिद्विलासाला तो पुरेसा लागू पडत नाही.

म्हणून गोरे यांचा प्रश्न निकालात निघतो असे नव्हे. अलंकार सोनेच असेल, तर अपराध कोणी केला आणि क्षमा कोणी करावी? ज्ञानदेव अद्वैतातही अकृत्रिम भक्तीला स्थान देतात; अपराधी मनाला तेवढ्याने समाधान लाभते काय, हे तपासावे लागते. गोरे यांना केवळ धर्मप्रचारक समजून बाजूस सारण्याऐवजी खंडनमंडनाच्या परंपरेतील प्रतिवादी म्हणून वाचल्यास ज्ञानदेवांचे उत्तरही अधिक नेमकेपणाने कळू लागते.