टोफू : साठवण आणि पारख

प्रस्तावना

वरणाला तार सुटली किंवा भाताला आंबूस वास आला, की तो पदार्थ खाऊ नये हे कोणाला सांगावे लागत नाही. ही पारख आपण घरातील वडीलधाऱ्यांकडून नकळत शिकलेलो असतो. टोफू हा पदार्थ मात्र आपल्याकडील बहुतेक स्वयंपाकघरांत नवा आहे. तो कसा ठेवावा आणि बिघडला हे कसे ओळखावे, याबद्दल घरात परंपरेने आलेले ज्ञान नाही. ते या पाठातून आपण मिळवणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला

• टोफू लवकर का नासतो, याची कारणे सांगता येतील;
• टोफू साठवण्याच्या योग्य पद्धती स्पष्ट करता येतील;
• नासलेला टोफू ओळखता येईल;
• केवळ वासावर व चवीवर विसंबणे पुरेसे का नाही, हे पटवून देता येईल.

मूळ पाठ

टोफू म्हणजे काय?

टोफूचा उगम चीनमध्ये झाला. आपल्या बाजारात तो 'सोया पनीर' या नावानेही ओळखला जातो. सोयाबीन भिजवून वाटतात, पाण्यात शिजवून गाळतात आणि मिळालेल्या दुधात लिंबाचा रस, कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइड घालून ते साकळवतात. हा साका कापडात बांधून वजनाखाली दाबला, की टोफूची वडी तयार होते. भारतात सोयाबीनचे पीक प्रामुख्याने मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत होते. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने सोयाबीनपासून खाद्यपदार्थ बनवण्याच्या तंत्राचा प्रसार केला आहे. त्यामुळे टोफू बनवणे हा अनेकांचा छोटा व्यवसायही होऊ शकला.

तो लवकर का नासतो?

टोफूत प्रथिने भरपूर असतात, म्हणून तो पौष्टिक आहे. परंतु जे अन्न माणसाला पोसते, तेच सूक्ष्मजीवांनाही पोसते. टोफूच्या वजनाचा बराच मोठा भाग पाण्याचा असतो. त्यात मीठ नसते आणि आंबटपणाही फारसा नसतो. लोणचे मिठाने टिकते, पापड कोरडेपणाने टिकतो. टोफूला यांपैकी कोणतेच संरक्षण नाही. त्याला टिकवणाऱ्या गोष्टी दोनच : थंडपणा आणि स्वच्छता.

५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात रोगजंतू झपाट्याने वाढतात. आपल्या घरातील हवा वर्षभर याच मर्यादेत असते. म्हणून टोफू दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. कडक उन्हाळ्यात तर एक तासही पुष्कळ झाला.

साठवण कशी करावी?

विकत घेताना पाकिटावरील उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख आणि साठवणीची सूचना वाचावी. पाण्यात बुडवून बंद केलेला टोफू फ्रीजमध्येच ठेवावा लागतो. काही टोफू निर्जंतुक केलेल्या खोक्यांत येतो. तो न उघडता बाहेर ठेवता येतो, मात्र तशी सूचना वेष्टनावर छापलेली असली पाहिजे.

पाकीट एकदा उघडले, की वेष्टनावरील तारीख लागू राहत नाही. उरलेली वडी स्वच्छ, झाकणाच्या डब्यात ठेवून ती बुडेल इतके उकळून गार केलेले पाणी घालावे. डबा फ्रीजमध्ये ५ अंशांखाली ठेवावा आणि पाणी रोज बदलावे. असा टोफू तीन ते पाच दिवसांत संपवावा. वडी काढताना हात व चमचा स्वच्छ असावा. कच्चे मांस किंवा मासे फ्रीजमध्ये असतील, तर ते टोफूच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी टोफूवर ठिबकणार नाही.

अधिक दिवस ठेवायचा असल्यास पाणी निथळून टोफू गोठवता येतो. उणे १८ अंशांत तो सुमारे तीन महिने चांगला राहतो. गोठताना आतील पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि वितळल्यावर त्या जागी छिद्रे उरतात. त्यामुळे वडी स्पंजासारखी होते. गोठलेला टोफू पिवळसर दिसतो. हे नासल्याचे लक्षण नव्हे. मात्र तो बाहेर न ठेवता फ्रीजमध्येच वितळू द्यावा.

ज्यांच्या घरी फ्रीज नाही, त्यांनी लागेल तेवढाच टोफू आणून त्याच वेळी शिजवावा. माठातील पाणी पिण्यास गार लागते, पण ते ५ अंशांइतके थंड नसते. म्हणून माठात किंवा ओल्या फडक्यात टोफू सुरक्षित राहतो, असे मानू नये.

नासलेला टोफू कसा ओळखावा?

ताजा टोफू पांढरा किंवा दुधट रंगाचा असतो. त्याला सोयाबीनचा मंद वास येतो आणि बोट लावल्यास तो ओलसर, पण स्वच्छ लागतो. पुढीलपैकी एकही लक्षण दिसले, तरी तो टाकून द्यावा :

• आंबूस किंवा कुबट वास;
• पृष्ठभागावर बुळबुळीत, चिकट थर;
• न गोठवलेल्या वडीवर पिवळे, तपकिरी किंवा गुलाबी डाग;
• बुरशी;
• डब्यातील पाणी गढूळ होणे किंवा त्यावर फेस येणे;
• न उघडलेले पाकीट फुगणे.

बुरशी आलेला कोपरा कापून उरलेली वडी वापरू नये. टोफू मऊ व ओला असल्यामुळे बुरशी दिसते त्याहून आत पसरलेली असू शकते. खात्री करण्यासाठी चाखून पाहणेही योग्य नाही.

इंद्रियांची मर्यादा

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अन्न नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू नेहमी एकच नसतात. पहिले वास व बुळबुळीतपणा निर्माण करून आपल्याला सावध करतात. दुसरे मात्र अनेकदा कोणतीही खूण ठेवत नाहीत.

१९८१-८२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात टोफू खाल्ल्याने रोगाची साथ पसरली. तपासात आढळले, की झऱ्याचे शुद्ध न केलेले पाणी टोफूसाठी वापरले होते आणि त्यातून 'यर्सिनिया' नावाचे जंतू आले होते. हे जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतात. म्हणजे थंडपणा असूनही स्वच्छता नसेल, तर रक्षण होत नाही. टोफू ज्या पाण्यात ठेवायचा, ते पाणी पिण्यायोग्यच असले पाहिजे.

'पुन्हा उकळले म्हणजे झाले' हा समजही अपुरा आहे. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात. परंतु काही जंतूंनी आधीच तयार केलेले विष उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून नाकाच्या जोडीला घड्याळ व दिनदर्शिका यांचाही आधार घ्यावा. डब्यावर पाकीट उघडल्याची तारीख लिहिणे, हा अगदी सोपा उपाय आहे.

अन्न टाकणे आपल्या मनाला पटत नाही आणि ही वृत्ती चांगलीच आहे. पण खरी काटकसर संशयास्पद वडी पोटात ढकलण्यात नसून ती बिघडण्यापूर्वी वापरण्यात आहे. वाचलेल्या वडीची किंमत थोडी. औषधपाणी आणि बुडालेली मजुरी यांची किंमत मोठी. लहान मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध व आजारी माणसे यांना दूषित अन्नाचा धोका अधिक असतो. त्यांच्या ताटात तरी शंकेला जागा ठेवू नये.

शब्दार्थ

साका – दूध साकळल्यावर तयार होणारा घट्ट भाग
कुबट – दमट, बंद जागेसारख्या वासाचा
पारख – गुणदोष ओळखण्याची क्षमता
वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण

आपण काय शिकलो?

• पाणी व प्रथिने भरपूर आणि मीठ व आंबटपणा कमी, म्हणून टोफू लवकर नासतो.
• उघडलेला टोफू स्वच्छ पाण्यात, फ्रीजमध्ये ठेवावा. पाणी रोज बदलावे.
• वास, रंग व स्पर्श यांतून नासणे कळते. पण रोगजंतू नेहमी कळतातच असे नाही.
• काळ, थंडपणा व स्वच्छता यांचे नियम पाळणे, हाच विश्वसनीय मार्ग होय.

स्वाध्याय

१. लोणचे टिकते, पण टोफू टिकत नाही. कारणे लिहा.
२. गोठलेला पिवळसर टोफू आणि नासलेला पिवळा टोफू यांतील फरक स्पष्ट करा.
३. 'वास येत नाही, म्हणजे अन्न चांगले आहे.' या विधानाविषयी तुमचे मत सकारण मांडा.
४. तुमच्या घरातील कोणतेही एक नाशवंत अन्न निवडा. ते कसे साठवले जाते आणि त्या पद्धतीत कोणती सुधारणा करता येईल, हे आठ ते दहा ओळींत लिहा.