बुलेटचा कॅम बदलण्यापूर्वी

टायमिंग कव्हरवरचं झाकण उघडलं, फेल्टचा फिल्टर बाहेर काढला आणि उन्हात धरला. तेलात भिजलेल्या फेल्टवर चंदेरी भुकटी चमकत होती. बोटांत चोळली तर कचकच लागली. चुंबक जवळ नेला आणि ती उठून त्याला चिकटली. म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम नव्हे, बुशाचं पितळही नव्हे, लोखंड किंवा पोलाद. इंजिन बांधून जेमतेम सहाशे किलोमीटर झाले होते.

गाडी आबांची, कास्ट आयर्नची बुलेट 350. बोअर ढिला होऊन धूर मारायला लागली, म्हणून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात इंजिन उतरवलं. बोअर, क्रँक, बुश, सगळं काम चोख झालं. मिस्त्रींच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. चूक माझी. ‘इंजिन उघडलंच आहे तर’ या विचाराने मी एका दुकानातून जास्त लिफ्टचा, लांब ड्युरेशनचा ‘रेसिंग कॅम’ आणला आणि बसवायला लावला. बाकी सगळं मूळचंच ठेवलं. मिस्त्री म्हणाले होते, “दादा, नुसता कॅम बदलून भागत नाही वो.” मी ऐकलं नाही.

बुलेटच्या या इंजिनात कॅमशाफ्ट म्हणून एक लांब दांडा नसतो. टायमिंग कव्हरच्या आत दोन दातेरी चाकं असतात, एक इनलेटचं, एक एक्झॉस्टचं, आणि दोन्हींवर आपापला उंचवटा. त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर रॉकर आणि मग व्हॉल्व्ह. उंचवटा किती उंच, यावर व्हॉल्व्ह किती उघडणार हे ठरतं. तो किती रुंद, यावर किती वेळ उघडा राहणार हे ठरतं. माणूस लिफ्टचा आकडा बघून भुलतो. गाडीचा स्वभाव बदलतो तो मुख्यतः ड्युरेशनने.

लांब कॅमवर पिस्टन खालून वर निघाला तरी इनलेट बराच वेळ उघडा राहतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत घुसणाऱ्या हवेला वेग असतो, ती पिस्टनला न जुमानता येतच राहते आणि ताकद वाढते. हळू फिरताना तसा वेग नसतो. आत आलेलं मिश्रण पिस्टन उलट कार्बोरेटरकडे ढकलतो. सिलिंडरमध्ये उरतं कमी, दाब कमी, ओढ कमी. बुलेट 350 चा बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90, कॉम्प्रेशन मुळातच कमी, ताकद 18 अश्वशक्ती. हे इंजिन खालच्या फेऱ्यांत ओढण्यासाठी घडवलेलं आहे. मी नेमकी तीच ओढ काढून घेतली, आणि बदल्यात मिळाली ती वरच्या फेऱ्यांतली ताकद, जिथे ही गाडी मी कधी नेतच नाही.

ते करूळ घाटात कळलं. वैभववाडीकडून गगनबावड्याला चढताना मागे सौ. बसलेली, थोडं सामान. जिथे ही गाडी पूर्वी तिसऱ्यावर डुगडुगत निघून जायची, तिथे दुसरा टाकूनही दम लागेना. वळणावर पहिल्यावर आणावी लागली. घाटमाथ्यावर चहाला थांबलो तर स्लो टिकेना, आणि किक मारून मारून पाय भरून आला.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मी नव्या कॅमवर जुनेच टॅपेट चढवले होते. टॅपेटचा सपाट पाय वर्षानुवर्षं एकाच कॅमवर घासून त्याच्या साच्यात बसतो. इंजिन पुन्हा उघडलं तेव्हा मी तो पाय काचेसमोर धरून पाहिला: मधोमध चकचकीत खळगा, कडेला खरखरीत ओरखडे. नव्या कॅमचं नाकही त्याच मापाने खरवडलेलं. फिल्टरमधली भुकटी तिथली होती. म्हणून कळकळीने सांगतो, नव्या कॅमला नवे टॅपेट, याला अपवाद करू नका. पैसे कमी असतील तर कॅमच बदलू नका.

जुना कॅम घासून ‘लिफ्ट वाढवून’ देणारेही भेटतील. त्यात उंचवटा वाढत नाही, खालचा गोल कमी होतो. घासताना वरचा कडक केलेला पापुद्रा निघून जाऊ शकतो, आणि पुशरॉडचा अ‍ॅडजस्टरही पुरेनासा होतो. मी तरी तसा कॅम घेणार नाही.

दुकानात आकडे ऐकताना विचारा, ड्युरेशन किती उचलीवर मोजलं आहे? कुणी व्हॉल्व्ह हलायला लागला तिथपासून मोजतो, कुणी 0.050 इंच उचलीपासून. दोन्ही आकडे खरे असतात, पण एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. त्याआधी स्वतःला विचारा, गाडी कुठल्या रस्त्याला, किती वजन घेऊन, कुठल्या फेऱ्यांत चालते. घाट आणि गावातली रहदारी असेल तर मूळच्या मापाचाच नवा कॅम हे माझं स्पष्ट मत आहे. जास्तीचा हवाच असेल तर सोबत जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन, कार्बोरेटरचे जेट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगा यांचा खर्च एकाच कागदावर मांडा.

स्प्रिंगांची गोष्ट जिवावरची आहे. लिफ्ट वाढली की स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर टेकू शकतात, किंवा वरची वाटी व्हॉल्व्ह गाइडवर आदळते, आणि पुशरॉड वाकतो. हेड कायमचं बसवण्याआधी हे इंजिन हाताने फिरवून बघा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का हे पाहायला मुलांची खेळायची माती पिस्टनवर थापा, हेड कसून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढा आणि माती कापून जाडी मोजा. इनलेटला 2 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीचच्या खाली गेलात तर तिथेच थांबा. कॅमच्या चाकांवरच्या खुणा जुळवणं आवश्यकच, पण खुणेवर विसंबू नका. कोनाची चकती आणि डायल लावून मोजा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे कॅमवरची एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते.

दुसऱ्यांदा मी मूळच्या मापाचे कॅम आणि नवे टॅपेट घातले. नाकावर आणि टॅपेटच्या पायावर मॉलीची पेस्ट लावली. तेल 20डब्ल्यू-50, झिंक-फॉस्फरस पुरेसं असलेलं; नव्या गाड्यांच्या बऱ्याच पातळ तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी केलेलं असतं, आणि सपाट पायाच्या टॅपेटला त्याचाच आधार असतो. गाडी सुरू झाल्यावर स्लोवर ठेवली नाही, लगेच रस्त्यावर काढली, अ‍ॅक्सिलरेटर वरखाली करत, जोर न देता. दुसऱ्या दिवशी, थंड इंजिनावर, टॅपेटचं झाकण काढून पुशरॉड दोन बोटांनी फिरवून बघितले: सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत.

शंभर किलोमीटरवर तेल काढलं आणि पांढऱ्या कापडातून गाळलं. थोडा काळसर गाळ होता, नव्या रिंगांचा आणि बोअरचा. कापड उन्हात धरून बराच वेळ तिरकं करून पाहिलं. चमक कुठे नव्हती.