तीस गुंठ्यांचे गणित आणि सिम्प्लेक्स पद्धत

एका शेतकऱ्याजवळ विहिरीखालची ३० गुंठे जमीन आहे. रब्बी हंगामात तिच्यात गहू आणि झेंडू अशी दोन पिके घ्यावयाची आहेत. गव्हाला पाणी जास्त, पण मेहनत कमी. झेंडूला पाणी बेताचे, पण खुरपणीला आणि फुले तोडायला माणसे फार. समजा, एका गुंठ्याला हंगामभरात गव्हासाठी पंपाचे २ तास पाणी व १ दिवस काम लागते आणि झेंडूसाठी १ तास पाणी व २ दिवस काम लागते. विहिरीत एकूण ५४ तास पंप चालेल इतकेच पाणी आहे, आणि घरची माणसे मिळून ४० दिवस काम करू शकतात. घरच्यांची मजुरी न धरता गव्हापासून गुंठ्यामागे ३०० रुपये आणि झेंडूपासून ५०० रुपये सुटतात. (आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या गावचे निराळे असतील.) तर कोणते पीक किती गुंठे लावावे म्हणजे जास्तीत जास्त पैसा हाती येईल?

चटकन सुचणारे उत्तर म्हणजे सगळा झेंडूच लावावा. पण ३० गुंठे झेंडूला ६० दिवसांचे काम आहे, ते होणार कसे? निम्मा-निम्मा करावा, तर त्यालाही ४५ दिवस लागतात. अंदाजाने चाचपडत बसण्यापेक्षा हे गणितात मांडलेले बरे. गव्हाचे गुंठे ग, झेंडूचे गुंठे झ आणि नफा न मानू. मग

कामाचे बंधन : ग + २झ ≤ ४०
जमिनीचे बंधन : ग + झ ≤ ३०
पाण्याचे बंधन : २ग + झ ≤ ५४

आणि न = ३००ग + ५००झ ही राशी महत्तम करावयाची. ग आणि झ ऋण असू शकत नाहीत, हे उघडच आहे.

अशा प्रश्नांना रेषीय नियोजनाचे, म्हणजेच लीनियर प्रोग्रॅमिंगचे प्रश्न म्हणतात. यातल्या ‘प्रोग्रॅमिंग’चा संगणकाच्या प्रोग्रॅमशी संबंध नाही. अमेरिकेच्या हवाई दलात प्रशिक्षणाच्या आणि रसदीच्या आराखड्याला ‘प्रोग्रॅम’ म्हणत, आणि तेथे काम करणारे गणिती जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली या प्रश्नांसाठी सिम्प्लेक्स पद्धत शोधून काढली. त्याआधी १९३९ मध्ये लेनिनग्राडच्या कँटोरोविच यांनी प्लायवुड उद्योगाच्या एका अडचणीतून याच स्वरूपाचे गणित मांडले होते. परंतु त्यांच्या कामाकडे बरीच वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

बारावीच्या पुस्तकात हे प्रश्न आलेख काढून सोडवतात. प्रत्येक बंधनाची एक रेषा काढली की सर्व बंधने पाळणाऱ्या बिंदूंचा एक बहुभुज उरतो. आपल्या प्रश्नात तो पंचकोन आहे. त्याचे कोपरे (०, ०), (२७, ०), (२४, ६), (२०, १०) आणि (०, २०). समान नफ्याचे सर्व बिंदू एका सरळ रेषेवर असतात. अशी रेषा, पट्टी सरकवावी तशी, स्वतःशी समांतर ठेवून जास्त नफ्याकडे सरकवत नेली, तर ती पंचकोन सोडताना शेवटचा स्पर्श एखाद्या कोपऱ्याला करते, क्वचित एखाद्या अख्ख्या बाजूला. म्हणून सर्वोत्तम उत्तर कोपऱ्यावर हटकून सापडते.

मग सगळे कोपरे तपासले की झाले, असे तुम्ही म्हणाल. दोन अज्ञात राशी असतील तर ठीक आहे. पण २० अज्ञात राशी आणि २० बंधने असतील, तर तपासण्याजोगे छेदबिंदू तेरा हजार कोटींहून अधिक होतात, आणि वीस मितींचा आलेख कागदावर कोणाला काढता येतो? येथे सिम्प्लेक्स पद्धत मदतीला येते. ती एका कोपऱ्यावर उभी राहते, नफा वाढेल अशा शेजारच्या कोपऱ्यावर जाते, आणि वाढ संपली की थांबते.

पण कोपरा आलेख न काढता ओळखायचा कसा? त्यासाठी प्रत्येक बंधनातली शिल्लक मोजू. न वापरलेले कामाचे दिवस क, न वापरलेली जमीन ज आणि न वापरलेले पाणी प. आता असमतांची समीकरणे होतात :

क = ४० − ग − २झ
ज = ३० − ग − झ
प = ५४ − २ग − झ
न = ३००ग + ५००झ

एकूण पाच राशी झाल्या, आणि पाचांपैकी कोणतीही ऋण होता कामा नये. पंचकोनाची एकेक बाजू म्हणजे यांतली एकेक राशी शून्य असणे. दोन बाजू मिळतात तेथे कोपरा. म्हणजे कोपऱ्यावर दोन राशी शून्य असतात. वर उजवीकडे लिहिलेल्या ग आणि झ शून्य मानल्या की आपण (०, ०) या कोपऱ्यावर उभे आहोत. जमीन पडीक, नफा शून्य. येथवर नीट समजले असेल, तर पुढचे सर्व म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकी आहे.

नफ्याच्या समीकरणात झेंडूचा सहगुणक मोठा आहे, म्हणून ग शून्यच ठेवून झ वाढवू. किती वाढवता येईल? काम २० गुंठ्यांना संपते, जमीन ३० ला, पाणी ५४ ला. सर्वांत आधी संपते ते काम. तेथे थांबलेच पाहिजे. विद्यार्थी गुणोत्तरांपैकी ‘सर्वांत लहान घ्या’ एवढे पाठ करतात आणि परीक्षेत कधी मोठे घेऊन बसतात. लहान घ्यायचे ते याच कारणासाठी. ३० गुंठ्यांपर्यंत गेलात, तर क = −२० होईल, आणि उणे वीस दिवस काम करणारा माणूस अजून जन्मायचा आहे!

आता झ शून्य राहिली नाही, क शून्य झाली. दोघांची अदलाबदल करू. पहिल्या समीकरणावरून झ = २० − ग/२ − क/२. ही किंमत इतरांत घातली की मिळते :

झ = २० − ग/२ − क/२
ज = १० − ग/२ + क/२
प = ३४ − ३ग/२ + क/२
न = १०,००० + ५०ग − २५०क

आपण (०, २०) या कोपऱ्यावर आलो. नफा १०,००० रुपये. गव्हाचा सहगुणक ३०० चा ५० झाला, तो का, हे पाहण्यासारखे आहे. काम सगळे खर्ची पडल्यामुळे आता एक गुंठा गहू लावायचा तर अर्धा गुंठा झेंडू कमी करावा लागतो. ३०० मिळाले, २५० गेले, ५० उरले. तरीही ते धनच आहेत, म्हणून गहू आत घेऊ. झेंडू ४० ला शून्य होतो, जमीन २० ला संपते, पाणी २२⅔ ला. जमीन आधी संपते. दुसऱ्या समीकरणावरून ग = २० + क − २ज. पुन्हा किमती घाला :

ग = २० + क − २ज
झ = १० − क + ज
प = ४ − क + ३ज
न = ११,००० − २००क − १००ज

आता नफ्याच्या ओळीत दोन्ही सहगुणक ऋण आहेत. क आणि ज शून्याहून कमी होऊ शकत नाहीत आणि वाढल्या तर नफा घटतो. तेव्हा ११,००० हा महत्तम नफा आहे, हे या एका ओळीनेच सिद्ध झाले. २० गुंठे गहू, १० गुंठे झेंडू, आणि विहिरीत ४ तासांचे पाणी शिल्लक.

पुस्तकांत चौकटींची जी सारणी असते ती दुसरे काही नसून हीच समीकरणे, फक्त अक्षरे गाळून सहगुणक तेवढे मांडलेले. तेथे राशी डाव्या बाजूला नेतात म्हणून चिन्हे उलटी दिसतात एवढेच. माझे मत असे, की पहिली दोन-तीन उदाहरणे तरी अक्षरांसह सोडवावीत, सारणी मागाहून. शिक्षकांनीही करून पाहावे.

शेवटच्या ओळीतले २०० आणि १०० हे आकडे मात्र घाईने ओलांडू नका. कामाचा एक दिवस शिल्लक टाकला, तर २०० रुपये बुडतात. उलट एक दिवस जास्त मिळाला, तर २०० वाढतात. ताळा पाहा : ४१ दिवस असतील तर ग = १९, झ = ११ आणि नफा ५,७०० + ५,५०० = ११,२००. म्हणजे रोज २०० रुपयांहून कमी मजुरीवर माणूस मिळाला तरच लावणे परवडते, तेही जास्तीत जास्त २० दिवस. त्यानंतर गहू शून्य होतो आणि हिशेब बदलतो. तसेच एक गुंठा जास्त मिळाला, तर त्याची किंमत १०० रुपये. आणि पाणी? प ही राशी नफ्याच्या ओळीत नाहीच. शेतकरी विहीर खोल करण्यासाठी कर्ज काढणार असेल, तर या हंगामापुरते तरी त्याला थांबवायला हवे. या आकड्यांना छाया-किमती म्हणतात, आणि प्रत्यक्ष व्यवहारात कित्येकदा उत्तरापेक्षा यांचाच उपयोग जास्त होतो.

पद्धत नवी होती तेव्हा तिची कसोटी एका आहाराच्या प्रश्नावर घेतली गेली. अर्थशास्त्रज्ञ स्टिग्लर यांनी, वर्षभर पुरेसे पोषण कमीत कमी किती खर्चात मिळेल, याचे उत्तर अंदाजाच्या साहाय्याने ३९.९३ डॉलर असे काढले होते. त्यात ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषणाच्या अटी होत्या. १९४७ मध्ये हाताने चालवायची गणकयंत्रे घेऊन बसलेल्या कारकुनांनी सिम्प्लेक्सने तो सोडवला. सुमारे १२० माणूस-दिवस लागले आणि उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिग्लर यांचा अंदाज चोवीस सेंटांनीच चुकला होता!

सिम्प्लेक्स नेहमीच इतकी सरळ चालते असे मात्र नाही. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी मुद्दाम असे प्रश्न रचले, की ती सगळे कोपरे फिरून मगच उत्तरावर येते. पुढे मुंबईच्या आय. आय. टी. त शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना, कडेकडेने न जाता प्रदेशाच्या आतून वाट काढणारी पद्धत प्रसिद्ध केली. प्रचंड प्रश्नांसाठी आज दोन्ही प्रकार वापरले जातात.

आता वही घ्या. पहिल्या पायरीत झेंडूऐवजी गहू आत घेऊन सुरुवात करा. आधी पाणी संपेल, मग जमीन, आणि दोनाऐवजी तीन पायऱ्या लागतील. तिसऱ्या पायरीत, शून्य झालेली प ही राशी पुन्हा शिल्लक का पडू लागते, ते शोधा. आणि नफ्याची शेवटची ओळ वरच्या ओळीशी ताडून पाहा.