अल्पाइन स्की रेसिंग : खर्च किती, कधी आणि कशावर?

गुलमर्ग-मनालीच्या सहलीहून परतलेली मुले 'मला स्की रेसर व्हायचंय' म्हणू लागली की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो : खर्च किती येतो? उत्तर एका आकड्यात मिळत नाही. काही हजारांत सुरुवात होते आणि पुढे एका हंगामाला तीस लाखही लागतात. मधल्या पायऱ्या माहीत असल्या की घरची पुंजी योग्य वेळी आणि योग्य जागी लावता येते. खालचे आकडे अंदाजे आहेत आणि हिशेबाला सोपे जावे म्हणून १ युरो = १०० रुपये धरला आहे. पैसे भरण्यापूर्वी त्या हंगामाचे दरपत्रक जरूर मागवा.

आधी खेळ समजून घ्या

अल्पाइन स्कीइंगमध्ये चार मुख्य प्रकार आहेत. डाउनहिल आणि सुपर-जी हे वेगाचे, तर जायंट स्लॅलम आणि स्लॅलम हे वळणांचे. भारतीय मुलांनी वळणांच्या प्रकारांपासून सुरुवात करावी. वेगाच्या शर्यतींना लागणारा लांब आणि जाळ्यांनी सुरक्षित केलेला उतार सरावाला रोज मिळणे आपल्याकडे कठीण आहे.

स्पर्धक १६ वर्षांचा होतो त्या वर्षीच्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, म्हणजे एफआयएसच्या, शर्यतींत उतरू शकतो. तिथे त्याचे गुण मोजले जातात आणि हे गुण जितके कमी तितका खेळाडू वरचा. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी किमान पात्रता होती सर्वोत्तम पाच निकालांची सरासरी १६० गुण किंवा त्याहून कमी. असे पाच निकाल जमवायला भरपूर शर्यती खेळाव्या लागतात. खर्चाचे खरे मूळ तिथे आहे.

पायरी १ : जमतंय का, आवडतंय का?
*अंदाजे खर्च : ४० ते ७० हजार रुपये*

सुरुवात सरकारी संस्थेतून करा. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था, पहलगामची जवाहर संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था आणि औलीला गढवाल मंडळ विकास निगम असे पर्याय आहेत. साधारण दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क १५ ते ३० हजारांच्या घरात असते आणि त्यात बहुधा राहणे, जेवण व साहित्य येते. बाकी खर्च प्रवास आणि गरम कपड्यांचा.

या टप्प्यावर साहित्य विकत घेऊ नका. वाढत्या वयात पायाचे माप दर वर्षी बदलते. हिवाळी तिकिटे मात्र तारीख बदलता येईल अशीच काढा. २०२५मध्ये गुलमर्गला बर्फ कमी पडल्याने खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा दुसरा टप्पा फेब्रुवारीतून मार्चवर गेला होता.

पायरी २ : दोन हंगाम भारतात
*अंदाजे खर्च : हंगामाला दीड ते अडीच लाख रुपये*

आता गेटचा सराव सुरू होतो. रोवलेल्या खांबांमधून ठरलेल्या वाटेने, घड्याळाविरुद्ध उतरायचे. त्यासाठी चार ते सहा आठवडे डोंगरात मुक्काम लागतो. राहणे-जेवण, प्रशिक्षक, लिफ्ट आणि भाड्याचे साहित्य असा हा खर्च आहे. शेवटी राज्य निवड चाचणी आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळून पाहावी.

शाळेचा प्रश्न इथेच उभा राहतो. राज्य मंडळाची दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. हा पर्याय नववीतच तपासून ठेवा.

साहित्य : कधी आणि काय घ्यावे?

दोन हंगाम टिकल्यावरच स्वतःचे साहित्य घ्या. युरोपातले साधारण दर असे :

- स्लॅलम व जायंट स्लॅलमच्या स्की, बाइंडिंगसह, प्रत्येकी एक जोडी : १,४०० ते २,४०० युरो
- रेसिंग बूट आणि पायाला बेतून घेण्याची मजुरी : ६५० ते १,१५० युरो
- रेसिंग सूट : २५० ते ५०० युरो
- हेल्मेट, हनुवटीच्या गार्डसह : २०० ते ३५० युरो
- पाठ, नडगी व हातांची संरक्षक साधने : २५० ते ४०० युरो
- पोल आणि गॉगल : ३०० ते ५०० युरो
- फाइल, इस्त्री, वॅक्स वगैरे ट्यूनिंगचा संच : २५० ते ४०० युरो

एकूण ३,३०० ते ५,७०० युरो, म्हणजे सव्वातीन ते पावणेसहा लाख रुपये. स्कीच्या एका जोडीत भागत नाही, कारण नियमच तसा आहे. वरिष्ठ गटात पुरुषांची स्लॅलमची स्की किमान १६५ सेंटिमीटर आणि जायंट स्लॅलमची किमान १९३ सेंटिमीटर लागते. महिलांसाठी हीच मापे १५५ आणि १८८ आहेत.

बचत कुठे करावी? स्की वापरलेल्या घ्या. हंगाम संपल्यावर एप्रिल-मेमध्ये युरोपातले क्लब त्या निम्म्या किमतीपर्यंत विकतात. बूट आणि हेल्मेट मात्र नवेच हवेत. सैल बुटात पायाचा इशारा स्कीपर्यंत उशिरा पोचतो, आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी निकामी झालेले असू शकते. महागडे फ्लोरीनयुक्त वॅक्स कुणी गळ्यात मारू पाहिले तर घेऊ नका. २०२३-२४च्या हंगामापासून एफआयएसच्या शर्यतींत त्यावर बंदी आहे.

ट्यूनिंग मुलालाच शिकवा. शर्यतीचा उतार पाणी मारून कडक केलेला असतो आणि बोथट कड त्यावर घसरते. म्हणून रेसरची संध्याकाळ शिकंज्यापाशी जाते. स्की उलटी आवळायची, कडेवर साधारण ८७ अंशांच्या गाइडमध्ये धरलेली फाइल एकाच दिशेने ओढायची, हिऱ्याच्या दगडाने बारीक कुसे काढायचे. मग तळावर इस्त्रीने वॅक्स पसरवून गार होऊ द्यायचे, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचे आणि ब्रश मारायचा. दर जोडीला पाऊण तास जातो. हे काम रोज दुकानात दिले तर हंगामाअखेर चांगलीच रक्कम होते. शिवाय स्वतः केल्याने मुलाला आपली स्की कळू लागते.

पायरी ३ : युरोपचा हंगाम
*अंदाजे खर्च : ३५ दिवसांना ९ ते १२ लाख, पूर्ण हंगामाला २० ते ३० लाख रुपये*

राहणे, जेवण, लिफ्ट पास आणि गटातले प्रशिक्षण मिळून दिवसाला २०० ते ३०० युरो धरा. विमान, व्हिसा, स्कीच्या बॅगेचे जादा भाडे आणि स्पर्धांचे प्रवेशशुल्क वेगळे. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये हिमनदीवरचा सराव आणि जानेवारी-फेब्रुवारीत शर्यती असे दोन भाग आधीच आखा.

सोबत स्वतंत्र प्रशिक्षक आणि फिजिओ घेतले तर हिशेब कुठे जातो, याचे जाहीर उदाहरण आहे. गुलमर्गचा स्कीपटू आरिफ खान याला २०२२च्या ऑलिंपिकआधी केंद्र सरकारच्या टॉप्स योजनेतून १७.४६ लाख रुपये मंजूर झाले. त्यात साहित्याची खरेदी आणि ऑस्ट्रियातले, प्रशिक्षक व फिजिओसह ३५ दिवसांचे प्रशिक्षण होते. साहित्य धरून सरळ भागाकार केला तर दिवसाला जवळपास ५० हजार. याच आरिफची २०१८च्या ऑलिंपिकची संधी पैशांअभावी हुकली होती. लोकवर्गणीचा प्रयत्नही पुरला नव्हता.

मुंबई-पुण्याच्या पालकांना एक जवळचा पर्याय आहे. मुंबईहून तीन तासांवर दुबईत बंदिस्त छताखालचा उतार आहे. त्याची सर्वांत लांब वाट ४०० मीटरची. जायंट स्लॅलमला ती अपुरी असली तरी स्लॅलमच्या तंत्राला चालते. आरिफने बीजिंगची स्लॅलमची पात्रता दुबईतल्याच शर्यतीत मिळवली होती. नातेवाईक तिथे असतील तर उन्हाळ्याची सुट्टी वाया जाणार नाही.

विमा आणि गुडघा : हे पैसे बाजूला ठेवाच

साध्या प्रवासी विम्यात शर्यत आणि शर्यतीचा सराव बहुधा वगळलेला असतो. 'स्पर्धात्मक स्कीइंग' हे शब्द पॉलिसीत लिहून घ्या. हेलिकॉप्टरने खाली आणण्याचे कलमही पाहा, कारण आल्प्समध्ये ते बिल हजारो युरोंचे होऊ शकते.

या खेळातली नेहमीची मोठी दुखापत म्हणजे गुडघ्यातला एसीएल लिगामेंट तुटणे. आपल्याकडे खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेला दीड ते चार लाख लागतात, फिजिओथेरपी वेगळी आणि सहा ते नऊ महिने खेळ बंद. म्हणून युरोपची तिकिटे काढण्याआधी पाच लाखांची राखीव ठेव करा. ती नसेल तर एक वर्ष थांबा.

परत काय मिळते?

विश्वचषकाच्या शर्यतीत गुण आणि बक्षीस मिळते ते पहिल्या तीस जणांना. किट्झब्यूहेलसारख्या नामांकित शर्यतीत विजेत्याला अलीकडे १ लाख युरोही मिळाले आहेत, पण तिथवर मोजकेच पोचतात. स्कीपटू आंचल ठाकूरने जानेवारी २०१८मध्ये तुर्कस्तानात एफआयएसच्या स्पर्धेत कांस्य जिंकले. भारताचे स्कीइंगमधले ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक. आरिफ बीजिंगमध्ये जायंट स्लॅलमला ४५वा आला. दोघांची कामगिरी देशाने अभिमान बाळगावा अशी आहे, पण बक्षिसाच्या रकमेतून खर्च भरून निघेल हा हिशेब धरू नका. मदतीचे मार्ग आहेत ते प्रायोजक, सरकारी योजना आणि सैन्य किंवा आयटीबीपीसारख्या दलांतली भरती.

आमचा सल्ला

या खेळात साहित्याने नव्हे, बर्फावरच्या दिवसांनी रेसर घडतो. पाच लाख हाती असतील तर नव्या स्कींवर उडवू नका. वापरलेल्या स्की घ्या आणि उरलेल्या पैशांतून बर्फावरचे दिवस वाढवा. भारतातले दोन हंगाम पूर्ण केल्याशिवाय युरोपचा एकही रुपया भरू नका. घर गहाण टाकून हा खेळ करू नका. आणि मुलगा किंवा मुलगी दोन हंगामांनंतरही पहाटे स्वतःहून उठून बूट आवळत असेल, तर मात्र हात आखडता घेऊ नका.