कॅन्सर कळला, मग आयएचसी कशाला?

प्रश्न : माझ्या मामांच्या फुप्फुसात गाठ निघाली. नागपूरला बायोप्सी झाली. रिपोर्टात कॅन्सर लिहिलाय आणि खाली 'आयएचसी करावी' असंही. कॅन्सर आहे हे कळलं, तर पुन्हा खर्च कशाला? रक्तातून नाही का होत हे?
– एक वाचक, सिहोरा (ता. तुमसर)

उत्तर : नुसतं 'कॅन्सर आहे' एवढ्यावर औषध ठरत नाही, म्हणून. पेमेट्रेक्सेड हे औषध अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात चालतं, स्क्वॅमस प्रकारात त्याचा फायदा नाही. बेव्हासिझुमॅब स्क्वॅमसमध्ये दिलं तर फुप्फुसातून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. स्मॉल सेलचे उपचार आणखी निराळे. शिवाय फुप्फुसातली गाठ मुळात स्तनातून, किडनीतून किंवा आतड्यातूनही आलेली असू शकते.

सुईने काढलेला तुकडा शेवईच्या काडीएवढा. तो फॉर्मेलिनमधून काढून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पेशींची ठेवण दिसते. पण ठेवणच बिघडलेली असेल तर नजर कितीही तयार असो, अंदाजच उरतो. आयएचसीत (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत) एकेका ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी कापावर सोडतात. ती चिकटली, की तिथं तपकिरी रंग उमटतो. अशा एकसारख्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये दिली. 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

टीटीएफ-1 या अँटिबॉडीने केंद्रकं तपकिरी झाली तर कल अ‍ॅडिनोकार्सिनोमाकडे, पी40 ने झाली तर स्क्वॅमसकडे. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन यांवरून न्यूरोएंडोक्राइन गाठी ओळखतात. पण हे ठोकताळे आंधळेपणानं वापरले, तर फसगत ठरलेली. थायरॉइडच्या गाठीतही टीटीएफ-1 उमटतं. नट कार्सिनोमा ही दुर्मिळ आणि फार वेगानं वाढणारी गाठ पुष्कळदा पी40 लाही दाद देते, मग रिपोर्टात 'स्क्वॅमस' पडतं. रुग्ण तरुण असेल, विडी-सिगारेटला कधी शिवलेला नसेल, तर पॅथॉलॉजिस्टनं नटची अँटिबॉडी मागवायला हवी. नट असेल तर केंद्रकात बारीक तपकिरी ठिपके दिसतात. काही गाठींत एसएमएआरसीए4 हे प्रथिनच नसतं, तिथं तर उलटंच आहे. त्यात रंग न उमटणं हेच उत्तर! मात्र शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या आहेत ना, हे आधी बघावं लागतं. नाहीतर चाचणीच फसलेली असायची. ही एसएमएआरसीए4 नसलेली अविभेदित गाठ जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात स्वतंत्र नोंदली आहे. म्हणून वय, व्यसन, स्कॅन हे सगळं डॉक्टरांनी पॅथॉलॉजिस्टला कळवलेलं बरं.

रक्तातून म्हणाल, तर सीईए वगैरे चाचण्या वेगळ्या. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत तसंही थोडं वाढतं आणि त्यावरून प्रकार ठरत नाही.

मामांना बहुतेक पुन्हा सुई टोचावी लागणार नाही. आयएचसी त्याच ब्लॉकवर होते. पण मांस थोडं असतं आणि औषध ठरवणाऱ्या ईजीएफआर, एएलके या तपासण्याही त्यातूनच करायच्या असतात, तेव्हा कोणत्या करायच्या ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. मुंबईला टाटा रुग्णालयात दाखवायचं ठरलं, तर नुसता कागद नेऊ नका. लॅबमध्ये अर्ज देऊन स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.